दातखिळी

१

ज्याचं अर्धं आयुष्य लोकांच्या कवळ्या बनवण्यात गेलं, त्याचीच दातखिळी बसावी, हा योग चमत्कारिकच. पण त्या दुपारी त्यावर हसायला कुणाला सुचलं नाही.

धंद्यातला भागीदार बाहेरची कामं उरकून कवळ्यांच्या कार्यशाळेत शिरला, तेव्हा दादा आपल्या टेबलाशी खुर्चीत होते. समोर मेण वितळवायचा दिवा जळत होता, मेण उतू जाऊन टेबलभर पसरलं होतं. दादांची मान डाव्या खांद्याकडे पिळवटली होती, जणू कुणी केसांना धरून ओढत होतं. डोळे वर छताला चिकटलेले. जबडा असा आवळलेला की गालाचे स्नायू दगडासारखे दिसत होते. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. आणि सर्वांत भयंकर म्हणजे माणूस पूर्ण शुद्धीवर होता. डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती.

कोपऱ्यात, प्लास्टरच्या पोत्यांना टेकून त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून तो पुटपुटत होता, "मी सांगितलं होतं. पाण्यात आहे. मी सांगितलं होतं."

धाकट्याला गेली काही वर्षं मनाचा आजार होता, त्याला नसलेले आवाज ऐकू येत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. भागीदाराने दादांना गाडीत घातलं, हॉस्पिटल गाठलं आणि दादांना आत नेताच पोलिसांना फोन लावला.

"वेड्याने भावाला विष घातलंय," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलंय." विष घालताना पाहिलं का, असं विचारल्यावर मात्र त्याने फोन ठेवला.

२

फौजदारबाई हॉस्पिटलात पोचल्या त्या स्वतःच बेजार होत्या. खालची दाढ तीन दिवस ठणकत होती आणि दातांच्या डॉक्टरकडे जायचं धाडस होत नव्हतं. एका ठिकाणी उभं राहिलं की ठणका जास्त जाणवे, म्हणून त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या.

आतून मानसोपचाराचे डॉक्टर बाहेर आले. पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ.

"वाचतील?" बाईंनी विचारलं.

"वाचतील कसले, बरेच झालेत. एक इंजेक्शन दिलं, थोड्या वेळात जबडा सुटला, मान सरळ झाली. इंजेक्शनने गुंगी येते, म्हणून झोपलेत. जागं व्हायला वेळ लागेल."

"म्हणजे विषावर उतारा मिळाला."

"विष नव्हतंच." डॉक्टर बाकावर बसले. बाई उभ्याच राहिल्या. "हा एका प्रकारच्या औषधाचा परिणाम. भास होणाऱ्या, आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला जी देतात, त्यातलं जुनं, जोरकस औषध. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवायचं काम ते करतं. एखाद्या भागात ते बेफाम झालं की नको ते निरोप सुटतात. रस्त्यावरचा अनोळखी माणूस आपल्याच मागावर आहे असं वाटतं, भिंती बोलायला लागतात. हे औषध त्या निरोपांची दारं अडवून धरतं. मग आवाज विरतात."

"मग त्यात वाईट काय?"

"तेच रसायन हातापायांच्या हालचालींनाही लागतं ना. औषधाला कुठे कळतं, कुठलं दार अडवायचं नि कुठलं मोकळं सोडायचं! मग कुणाचे हात थरथरतात, कुणाचं अंग लाकूड होतं, कुणाची अशी दातखिळी बसते. आणि काहींना नुसती तगमग सुटते. बसवत नाही, उभं राहवत नाही. आजारी माणसाला निदान आवाज कमी झाल्याचा फायदा तरी मिळतो. निरोगी माणसाच्या पदरात फक्त त्रास." डॉक्टरांनी बाकाला पाठ टेकली. "उलटीवरच्या काही गोळ्यांनीही असं होतं. मी त्यांच्या पत्नीला विचारलं. तसलं काहीच घेतलेलं नाही म्हणतात."

"मग हे औषध त्यांना कुणी लिहून दिलं?"

"कुणीच नाही. तीच तर गंमत आहे, मॅडम. हा माणूस माझा नाही, कुणाचाच रुग्ण नाही." डॉक्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुमचा गाल मात्र सुजलाय."

३

दादांची बायको व्हरांड्याच्या टोकाला बसली होती. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"भावजी असं करणार नाहीत," फौजदारबाईंनी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. "त्यांचा दादावर जीव आहे."

"पण त्यांच्याकडे ही औषधं असतात."

"असायची. गोळ्या त्यांनी कधीच्याच सोडल्या. मी हातापाया पडले, ह्यांनी रागावून पाहिलं. ऐकलं नाही. त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडल्यात तशाच, बघा हवं तर."

"आणि दुसरं काही औषध घरात?"

"गोळ्या त्याच," वहिनी म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

बाईंनी आधी कार्यशाळा गाठली. फळ्यांवर ओळीने लोकांचे जबडे मांडले होते. प्लास्टरचे, पांढरे, बिनओठांचे. आपल्या दाढेकडे तेही रोखून बघताहेत असं त्यांना वाटून गेलं.

भागीदार एव्हाना जरा वरमला होता, पण आपलं म्हणणं सोडत नव्हता. "दुसरा कोण देणार, मॅडम? मी दादाला किती वेळा म्हटलं, त्याला घरी बसव, इथे दिवे आहेत, धारदार हत्यारं आहेत. आमची त्यावरून भांडणंही झाली."

"दादांची तब्येत आधी कशी होती?"

"तब्येत ठीक, पण माणूस बिघडला होता. गेले काही दिवस बूड म्हणून टेकत नव्हता. दोन दात लावले की उठला, खिडकीशी गेला, आला, पुन्हा उठला. एका आजीबाईंच्या कवळीत पुढचे दात उलटे बसवून दिले! त्या माऊलीने घरी जाऊन आरशात पाहिलं आणि रडत परत आल्या. मला तर वाटलं, ह्याचं बाहेर कुठे लफडं आहे."

"आणि धाकटा?"

भागीदार विचारात पडला. "आता खरं सांगायचं तर तो मधे बरा होता. गोळ्या सोडल्या, त्यानंतर आधी थोडा बडबडला, मग पुन्हा माणसात आला. फक्त पाय हलवायचा सारखे आणि 'माझ्या पाण्यात कुणीतरी औषध घालतंय' हे एकच पालुपद. हल्ली ते पालुपद थांबलं, तर भिंतीशी बोलणं सुरू झालं. पण एक आहे. हात असे स्थिर झालेत की परवा त्याने घासलेला दात बघून मीच चाट पडलो. पूर्वी त्याचे हात थरथरायचे."

बाईंची नजर टेबलांवरून फिरत होती. दोन्ही भावांच्या टेबलांवर पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या होत्या, एकसारख्या. दादांच्या टेबलावरच्या बाटलीच्या गळ्यात रबराचं लाल कडं होतं.

"ही कुणाची?"

"दादाची. रोज तीच तोंडाला लावलेली असते."

बाईंनी ती बाटली हलवून पाहिली. तळाशी घोटभर पाणी होतं. त्यांनी ती कापडात गुंडाळून हवालदाराकडे दिली.

४

धाकट्याला घरी, त्याच्याच खोलीत, एका हवालदाराच्या नजरेखाली ठेवलं होतं. ड्रॉवरमधल्या गोळ्यांवर धुळीचा थर बसला होता. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. म्हणजे दादांच्या पोटात गेलेलं औषध इथून गेलेलं नव्हतं, एवढं नक्की.

"तुम्ही दादांना काही दिलंत?" बाईंनी विचारलं.

'तुम्ही' ऐकून त्याने मान वर केली. तिशीचा, दाढी वाढलेला, डोळे थकलेले. "मी कशाला देऊ? ते काय करतं ते मला माहीत आहे."

"काय करतं?"

"पायात कुणीतरी पळत असतं. तुम्ही बसलात तरी ते बसत नाही. कातडीच्या आतून खाज सुटावी आणि खाजवायला हात पोचू नये, तसं. दादा म्हणायचा, एका जागी बस ना रे, डोकं फिरवतोस. मग मी बसायचो. बसणं म्हणजे श्वास कोंडून धरणं. किती वेळ धरणार?" तो बोलता बोलता उठला, खिडकीपर्यंत जाऊन आला. "म्हणून गोळ्या सोडल्या. आवाज परवडले, म्हटलं. पाय थांबले. आणि मग एके दिवशी पुन्हा पळायला लागले. गोळी नाही, काही नाही, तरी पाय पळताहेत, जीभ जड झालीये. तेव्हाच मला कळलं की कुणीतरी मला ते देतंय. घरात सगळ्यांचं जेवण एकाच भांड्यातलं. वेगळं काय, तर माझी पाण्याची बाटली."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं?"

"सगळ्यांना! दादाला, वहिनीला, भागीदाराला, रस्त्यावरच्या लोकांना." तो हसला, आणि त्या हसण्यात वेडाचा लवलेशही नव्हता. "मॅडम, माझ्यासारख्या माणसाने 'माझ्या पाण्यात काहीतरी घालतात' असं सांगितलं, तर लोक काय करतात?"

फौजदारबाईंच्या दाढेतून एक कळ थेट कानशिलात गेली. त्या विचार करत राहिल्या. काय करतात? हळहळतात. एकमेकांकडे बघतात. आणि औषध वाढवतात.

"मग तुम्ही ते पाणी प्यायचं सोडलंत?"

त्याने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तो एकदम गप्प झाला. मान कलती करून भिंतीकडे कान देऊन ऐकू लागला.

"काय झालं?"

"ते म्हणतात, सांगू नको. दादाचं नाव घेतलंस तर दादा मरेल, म्हणतात."

त्यानंतर त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

५

परत हॉस्पिटलकडे जाताना बाईंनी गाडी मधेच थांबवायला लावली आणि त्या पायी निघाल्या. चालताना डोकं चालतं, असा त्यांचा अनुभव होता.

धाकट्याने गोळ्या सोडल्या, आवाज परत येऊ लागले. मग तो आपोआप बरा झाला, आणि बरं होताना हात थरथरायला आणि पाय पळायला लागले. आपोआप बऱ्या होणाऱ्या माणसाचे हात कशाला थरथरतील? म्हणजे औषध त्याच्या पोटात जात होतं. त्याचं म्हणणं खरं होतं, अक्षरन् अक्षर. पुढे काय झालं? अलीकडे त्याचे हात स्थिर झाले आणि भिंती पुन्हा बोलायला लागल्या. म्हणजे औषध बंद पडलं. आणि नेमक्या त्याच दिवसांत दादांना बूड टेकवेना. औषध संपलं नव्हतं, कमीही झालं नव्हतं. ते एका भावाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं.

वहिनी अजून तिथेच, तशीच पर्स धरून बसली होती. बाई या वेळी तिच्या शेजारी बसल्या.

"वहिनी, दोघांच्या बाटल्या तुम्हीच भरता ना? अगदी सारख्या आहेत. ओळखता कशा?"

"लाल कडं आहे ना, ती भावजींची," वहिनी सहज म्हणाली. "मीच घातलंय ते."

"दोन्हींत पाणी एकाच पिंपातलं?"

"हो, मग!"

"मग ओळखायला कशाला हव्यात?"

समोरच्या खोलीतून नर्सच्या चपलांचा आवाज आला आणि गेला. मग तिने सावकाश पर्स उघडली आणि आतून एक छोटी बाटली काढून बाईंच्या हातात ठेवली. झाकणाला काचेची नळी असलेली, थेंब मोजायची.

"रंग नाही, चव नाही," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या जुन्या डॉक्टरांनी दिली. ते म्हणाले होते, त्याला सांगून द्या, समजावून द्या. पण मी काय समजावणार? गोळ्या सोडल्यावर भावजी एकदा भर रस्त्यात गाड्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. आवाजांनी सांगितलं म्हणून! मी तिथे होते, मॅडम. मी त्यांना शर्टाला धरून ओढून आणलं. ह्यांना सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, फसवून द्यायचं नाही. ह्यांनी त्यांना तसं वचन दिलंय. मी कुठे दिलं होतं?"

"आणि अलीकडे थेंब वाढवलेत?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली. "पुन्हा भिंतीशी बोलायला लागले. वाटलं, कमी पडतंय."

"ते वाढीव थेंब तुमच्या नवऱ्याच्या पोटात गेले."

"पण कसे?" वहिनी जवळजवळ ओरडली. "लाल कड्याची बाटली मी रोज भावजींच्या हातात देते! स्वतःच्या हातांनी देते!"

सगळं आता याच एका प्रश्नाच्या उत्तरावर येऊन ठेपलं होतं. पाण्यात औषध आहे हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने बाटली भावाच्या टेबलावर सरकवली असेल, तर भागीदाराचं म्हणणं खरं ठरत होतं. मग त्याची जागा एक तर तुरुंगात होती, नाहीतर कुलूपबंद इस्पितळात.

नर्स दारात आली. "पेशंट जागे झालेत. भावाला बोलवा म्हणताहेत."

६

धाकट्याला आणलं गेलं. मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, भागीदारही आला आणि दाराशीच घुटमळत राहिला. दादा उशीला टेकून बसले होते. आवाज घोगरा झाला होता, पण जबडा जागेवर होता.

"बाटल्यांची अदलाबदल कुणी केली?" फौजदारबाईंनी सरळ विचारलं.

धाकट्याने कान झाकले.

"मी," दादा म्हणाले.

"हा पाणीच पीत नव्हता. उन्हातान्हात दिवसभर कोरडा राहायचा, ओठ फुटले होते. सारखं एकच, पाण्यात औषध आहे. मी म्हटलं, हे बघ, तुझी बाटली मी पितो, माझी तू पी. मला काही झालं तर खरं मानू. आणि त्याच्यासमोर घटाघटा प्यायलो. रोज कार्यशाळेत आलो की पहिलं काम तेच. तो मला अडवायचा. हात धरायचा माझा. मला वाटायचं, चला, ह्याची समजूत पटतेय हळूहळू."

"पण तुम्हाला त्रास सुरू झाला होता की," बाई म्हणाल्या.

"तो पाण्याने होतोय असं मनातसुद्धा आलं नाही. पाण्यात काही नाही हे मला माहीतच होतं ना!" दादांनी हताशपणे हात उडवला. मग त्यांची नजर बाईंच्या हातातल्या छोट्या बाटलीवर गेली, तिथून बायकोच्या चेहऱ्यावर, आणि तिथेच थांबली. वहिनीने खाली पाहिलं.

मग ते धाकट्याकडे वळले. "हे असं तुला व्हायचं? रोज?"

धाकट्याने कानांवरचे हात खाली घेतले.

"मला वाटायचं, तू नाटकं करतोस," दादा म्हणाले. "मी तुला खुर्चीत दाबून बसवलंय रे. खांदे धरून बसवलंय."

वहिनी पुढे झाली. "भावजी, चुकले मी. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"नाहीच म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

"मग पुन्हा विचारायचं होतंस," धाकटा म्हणाला. "दहा वेळा विचारायचं. मी माणूस आहे, वहिनी, कुंडीतलं झाड नाही, वरून ओतायला."

दाराशी भागीदाराने घसा खाकरला. "मॅडम, माझा तो फोन..." तो चाचरला, आणि मग धाकट्याकडे न बघता म्हणाला, "उद्या कामावर ये. तुझं टेबल तुझंच आहे."

फौजदारबाईंनी टोपी काखेत घेतली. कायद्याच्या नजरेतून गुन्हा झाला होता की नाही, यावर वरिष्ठांनी खुशाल डोकं खाजवावं. पण एक प्रश्न विचारायलाच हवा होता, आणि तो या घरात ज्याला विचारायला हवा त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"तुम्हाला फसवून औषध दिलं गेलं," त्या धाकट्याला म्हणाल्या. "तुमची काही तक्रार आहे?"

त्याने भिंतीकडे पाहिलं, तिकडून काहीतरी ऐकलं, आणि मग जणू त्या ऐकलेल्यालाच बाजूला सारून म्हणाला, "आहे. लिहून घेऊ नका. पण आहे."

वहिनीने ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

डॉक्टर आत आले. त्यांना बाहेरच सगळं कळलं असावं. त्यांनी खुर्ची ओढली, ती दादांच्या पलंगापाशी नाही, धाकट्यासमोर. "आवाज परत आलेत ना?"

"आलेत."

"त्यांच्याबरोबर असंच राहायचं म्हणालात, तर धोका आहे. आज वहिनी शर्टाला धरायला असतील, उद्या नसतील. पण औषध काही एकच नाही. पायांना कमी छळणारी आहेत. त्यातल्या काहींनी वजन वाढतं, झोप येते, रक्तातली साखर तपासत राहावी लागते. फुकट काहीच मिळत नाही. अगदी कमी मात्रेने सुरुवात करू. तगमग सुटली तर त्या दिवशीच मला कळवायचं, मी बदलेन. मात्र घ्यायचं ते स्वतःच्या हाताने, नाहीतर नाही." त्यांनी चष्मा पुसला. "पण आधी मला नीट सांगा, मागच्या औषधाने नेमकं काय काय व्हायचं?"

"पायांत, डॉक्टर," दादा घाईघाईने उशीवरून उठत म्हणाले, "पायांत असं काहीतरी..."

"तू थांब, दादा," धाकटा म्हणाला. त्याने भिंतीकडे पाठ केली आणि डॉक्टरांच्या समोर बसला. "मी सांगतो."